बॅरिस्टर यांच्या फुजीत ‘गाणे’ कुठे आहे?

नायजेरियाचे गायक सिकिरू आयिंदे बॅरिस्टर यांच्या ‘फुजी’ या ढोलप्रधान योरुबा संगीताच्या ध्वनिमुद्रिकांविषयीचा लेख वाचून आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे: वीस-वीस मिनिटे तेच ढोल बडवले जातात, तबलजी गायकाला करतो तशी साथ इथे नाही, उलट गायकच ढोलांखाली दबून गेला आहे, आणि मधूनमधून धनिकांची नावे घेऊन चाललेली स्तुती ही निव्वळ भाटगिरी आहे. तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, त्याकडे शेवटी येतो. पहिले दोन मात्र मला मान्य नाहीत.

घोळ ‘साथ’ या अपेक्षेतच आहे. बॅरिस्टर ज्या नायजेरियातील योरुबा भाषेत गातात, तिच्यात उच्च, मध्यम आणि नीच असे तीन स्वरस्तर असून शब्दाचा अर्थ त्यांवर ठरतो. ‘ओको’ म्हणताना शेवटचे अक्षर चढवले, सपाट ठेवले की उतरवले, त्यानुसार कुदळ, नवरा किंवा वाहन असा अर्थ बदलतो. फुजीतला दुंदुन जातीचा ‘बोलका’ ढोल डमरूसारखा मध्ये निमुळता असतो. त्याच्या दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या चामड्याच्या वाद्या काखेत किंवा हाताने दाबल्या की स्वर चढतो, सैल सोडल्या की उतरतो, आणि वाकड्या काठीने वाजवणारा वादक बोलल्या जाणाऱ्या वाक्याचा चढउतार जसाच्या तसा उमटवू शकतो. एकटा शब्द असा वाजवला तर तो अनेक अर्थांचा निघेल, म्हणून वादक म्हणी, ठरीव वाक्ये आणि ‘ओरिकी’ म्हणजे कुळाची वा व्यक्तीची स्तुतिवचने वाजवतो, आणि ती जाणकार श्रोत्याला शब्दांवाचून ओळखू येतात. बॅरिस्टर एक ओळ गाऊन थांबतात, ढोल तिला पुस्ती जोडतो, मागचे गायक ती उचलतात. आपल्याला जिथे गायक दबल्यासारखा वाटला, तिथे पुष्कळदा बोलण्याची पाळी ढोलाची असते.

शिवाय या संगीताचा उगम पाहावा लागेल. रमझानमध्ये पहाटेपूर्वी सहरीसाठी लोकांना उठवत हिंडणाऱ्या तरुणांच्या टोळ्यांचे ‘वेरे’ हे गायन नायजेरियाच्या योरुबा मुसलमान वस्त्यांत रूढ होते. १९४८ साली इबादानमध्ये जन्मलेले बॅरिस्टर लहानपणापासून तेच गात आले. पुढे ते सैन्यात गेले, यादवी युद्धाच्या काळात तिथेच होते, आणि नंतर सैन्य सोडून तालवादक व गायक मिळून ३४ जणांचा ताफा त्यांनी उभा केला. नायजेरियाचेच गायक किंग सनी अडे यांच्या जुजू या योरुबा लोकप्रिय संगीतात गिटार पुढे असते. वेरे, अपाला आणि साकारा या योरुबा संगीताच्या धारांतून घडलेल्या फुजीत ती मुळातच नव्हती. स्वररचनेचा भार आवाज आणि ढोल यांनीच वाहायचा, ही या शैलीची पूर्वअट आहे. बॅरिस्टर यांचे प्रतिस्पर्धी आयिन्ला कॉलिंग्टन यांनी फुजीत बाता ढोल आणला, तेव्हाही भर पडली ती तालवाद्यांच्याच कुळात.

आता ‘तेच ते’ याविषयी. तबकडीची अख्खी बाजू एकसलग वाजते, कारण लग्न, बारसे, उत्तरकार्य अशा समारंभांत रात्रभर चालणाऱ्या गाण्याची ती छाटलेली आवृत्ती आहे. विषय बदलतो, ताल तुटत नाही. आगोगो ही लोखंडी घंटा आणि मण्यांच्या जाळीतला शेकेरे हा भोपळा आपला आकृतिबंध फारसा सोडत नाहीत, हे खरे. पण ते जागचे हलत नाहीत म्हणूनच दुंदुनला आडवे-तिरपे जाण्याची मुभा मिळते. घंटेवर कान ठेवून ऐकले तर रचना एकसुरी वाटणारच. एकदा फक्त बोलक्या ढोलाचा माग काढत तीच बाजू ऐकावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

राहिली भाटगिरी. समारंभात गायकाने नाव घ्यावे आणि यजमानाने किंवा पाहुण्याने पुढे येऊन त्याच्या कपाळावर नोटा चिकटवाव्यात, ही तिथली उघड रीत आहे आणि इतका मोठा ताफा पोसण्याचा तो एक मार्ग होता. ओरिकीची परंपरा असलेल्या समाजात स्तुती हा स्वतंत्र कलाप्रकार आहे, हेही विसरता येत नाही. तरीही समारंभात शोभणारी नामावळी तबकडीवर कंटाळवाणी होते, आणि काही ध्वनिमुद्रणांत ती मलाही असह्य वाटते. नंतरच्या काळात आलेल्या कीबोर्डबद्दल आपण काही लिहिले नाहीत. माझ्या मते खरी हानी त्याने केली, कारण जे स्वर ढोल अर्थासकट सांगत होता, त्यांच्यावर त्याने अर्थहीन स्वरांचा पातळ थर चढवला.