गिझरखाली पाणी आहे

डोक्यात शाम्पू, डोळे मिटलेले, आणि शॉवरनं मान टाकली. सोमवार, सकाळचे पावणेदहा, दहाला मीटिंग. दोन आठवडे त्याचं चाललंच होतं म्हणा, धो-धो, मग थेंब थेंब, परत धो-धो, आणि वर गच्चीवर मोटरचं टक-भुर्र-टक, टक-भुर्र-टक. त्या दिवशी शेवटचं टक वाजलं आणि पुढचं भुर्र आलंच नाही. मी टॉवेल गुंडाळून, एक डोळा कसाबसा उघडा ठेवून, बादली घेऊन हौदाकडे निघालो तर ओट्यावर आबा. चहा पीत. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपात.

"काय बारक्या, पानी गेलं व्हय?"

मी ४४ वर्षांचा आहे. बारक्या.

आबा म्हणजे वाईकडच्या आमच्या गावातले पाणाडे. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी विहीर काढली ती यांनी दाखवलेल्या जागेवर, आणि आठ परसावर पाणी लागलं. त्याआधी दोन ठिकाणी नुसता खडक लागला होता आणि त्या जागाही यांनीच दाखवलेल्या, पण हे आमच्या घरात बोलायचं नसतं. ते दोन खड्डे अजून आहेत, एकात आई पालापाचोळा टाकते.

तर मी तोंड धुता धुता चुकून म्हणालो, "विहिरीचं काहीतरी झालंय बहुतेक." झालं. आबांनी कप खाली ठेवला. "हिरीचं? माझ्या हिरीचं?" म्हणजे जमीन आमची, खर्च आमचा, वीजबिल माझ्या खात्यातून जातं, आणि हिर यांची. "वैनी, नारळ आना."

आणि आईनं आणला! कालच बाजारातून आणलेला, शेंडीवाला, ज्याची संध्याकाळी चटणी होणार होती.

पुढचा प्रकार मी केसात फेस घेऊन बघितलाय. आबांनी तळहातावर नारळ आडवा ठेवला, डोळे किलकिले केले आणि चालायला लागले. माझी समजूत, विहिरीकडे जातील. ते घरात शिरले. सोप्यातून माजघरात, माझ्या लॅपटॉपसमोरून, जिथं कॅमेरा चालू होता आणि पुण्यातले सहा लोक मी कधी येतो म्हणून ताटकळत बसले होते, तिथून चपलांसकट बाथरूममध्ये. मी मागे, माझ्यामागे आई, आईमागे शेजारची काकू, ती कुठून आली देवजाणे. बाथरूममध्ये आबा गर्रकन वळले, हात थरथरला आणि नारळ ताडकन उभा राहिला. सगळे गप्प.

"हितं हाय," आबा म्हणाले. "भरपूर हाय."

वर बघितलं. गिझर. १५ लिटरचा.

"आबा, तो गिझर आहे."

"मग? पानी हाय का न्हाई त्यात?"

यावर काय बोलणार. काकूनं तर चक्क हात जोडले.

"पान्याला दोष द्यायचा न्हाई," आबा बाहेर पडता पडता म्हणाले. "आमच्या टायमाला मोट हुती, कुनी प्रेशर मागत न्हवतं." बरोबर आहे, मोटेला शॉवर लावत नव्हते. नारळ आणि ५१ रुपये घेऊन गेले. ५१ माझ्या पाकिटातले.

मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

आता खरा घोळ. आमच्याकडे विहिरीतून पाणी गच्चीवरच्या टाकीत जातं, पण १० मीटर उंचीला जेमतेम १ बार प्रेशर मिळतं आणि आमची टाकी शॉवरच्या डोक्यावर फक्त दीड मीटर, म्हणजे ०.१५ बार. एवढ्यात तुळस भिजते, माणूस नाही. म्हणून टाकीखाली प्रेशर पंप, त्याला २४ लिटरची छोटी टाकी, आत रबरी फुगा. फुग्यात पाणी, बाहेरून हवा, ती हवाच पाणी ढकलत राहते म्हणून पंपाला सारखं उठबस करावं लागत नाही. हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. प्लंबर आला, पंपाला कान लावला, जसा डॉक्टर लावतो, आणि म्हणाला मोटर गेली, नवीन बसवू, १४ हजार. झाकण उघडलंसुद्धा नाही त्यानं! १४ हजार रुपये कानावर! याच्यापेक्षा आबा परवडले, त्यांनी निदान चालायचे तरी कष्ट घेतले.

शेवटी मीच वर गेलो. मोटर गेलेली नव्हती, सारखी चालू-बंद होऊन तापली आणि ओव्हरलोडनं ट्रिप झाली होती, गार झाल्यावर मुकाट्यानं सुरू झाली. छोट्या टाकीच्या बुडाशी प्लास्टिकचं टोपण, त्याखाली व्हॉल्व्ह, गाडीच्या ट्यूबला असतो अगदी तोच. पिन दाबली. पाणी आलं असतं तर फुगा फाटला असं समजायचं. पाणी नाही आलं, नुसतं एक फुस्स, तेही आजारी माणसासारखं. मोटर बंद केली, सगळं पाणी नळातून काढून टाकलं (हे आधी करावं लागतं, नाहीतर गेज काहीही आकडा दाखवतं), मग टायरचं गेज लावलं. ४ पीएसआय, टायरच्या हवेचं असतं तेच माप. पंप २० पीएसआयला चालू आणि ४० ला बंद होतो, म्हणजे हवा चालू होण्याच्या आकड्यापेक्षा दोनेक कमी हवी, १८. पुतण्याचा सायकलचा पंप आणला आणि मारत बसलो. साठ-सत्तर वेळा तरी मारलं, कमरेचं काय झालं ते विचारू नका, त्यात खालून पुतण्या ओरडतोय "काका, माझा पंप मोडाल".

शॉवर सुरू केला. एकसंध धार. टकबिक काही नाही. खर्च शून्य, ते ५१ सोडून.

खाली आलो तर आई फोनवर. "अगं हो, आबांनी नुसता नारळ फिरवला आणि संध्याकाळपर्यंत असं धो-धो पाणी!" मी हातातला सायकलचा पंप वर करून दाखवला. आईनं हातानंच थांब म्हटलं. काकूला पण आबांना दाखवायचंय म्हणे बाथरूम, त्यांचा कमोड नीट फ्लश होत नाही.

आज परत गेज लावलं. १७. कुठूनतरी बारीक हवा जातेय. आईला सांगितलेलं नाही, घरात एकच नारळ उरलाय.