ओढणीला पिन

अकरावीत होते. सकाळच्या एसटीत एका माणसानं मागून हात घातला. उरलेला सगळा रस्ता मी दप्तर छातीशी घट्ट धरून, खिडकीच्या गजाकडे बघत काढला. घरी आले तेव्हा आई पोळ्या लाटत होती. तिला सांगितलं. लाटणं थांबलं आणि तिनं विचारलं, "ओढणीला पिन लावली नव्हतीस का?"

तिच्या पोटात गोळा आला होता, हे आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की आता घरी काही सांगायचं नाही. पुढेही असले प्रकार झाले. मी सांगितले नाहीत.

काल आमच्या ग्रुपवर एका बातमीखाली तोच सूर होता. "एवढ्या रात्री ती तिथं गेलीच कशाला?" लिहिणारी माणसं ओळखीची, अडीनडीला धावून येणारी. म्हणून हे लिहितेय.

देसाईगंज. वडसा म्हणतात ते. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत. २६ मार्च १९७२ च्या रात्री एक आदिवासी मुलगी तिथं कुठं होती? पोलीस ठाण्यात. आईबाप नसलेली, मजुरी करणारी पोर. डॉक्टरांच्या अंदाजानं वय १४ ते १६. भावानं तक्रार दिली होती, म्हणून जबाबाला आणलेली. बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला थांबवून घेतलं. घरची माणसं बाहेर उभी असताना आत पोलिसानं तिच्यावर बलात्कार केला.

आता सांगा, तिनं रात्री कुठं असायला हवं होतं?

तरी दोष तिलाच लागला. सेशन्स कोर्टानं तिला खोटारडी ठरवलं, तिला शरीरसंबंधांची सवय आहे म्हटलं आणि पोलीस सुटले. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे तिथं मान्य झालं. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडून दिलं. का, तर अंगावर जखमा नव्हत्या. ठाण्यात, खाकी वर्दीसमोर, त्या पोरीनं झटापट करायला हवी होती!

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: पोलिसांच्या ताब्यातल्या बाईशी संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि ती 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टानं तेच गृहीत धरायचं. तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवू देणारं कलम मात्र २००२ च्या दुरुस्तीपर्यंत टिकलं. बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का हे बघायला डॉक्टर करायचे ती दोन बोटांची घाणेरडी तपासणी बंद करा, असं सुप्रीम कोर्टाला २०२२ मध्येही बजावून सांगावं लागलं.

कोर्टाच्या कागदावर हा खटला आरोपी पोलिसाच्या नावानं आहे. लोकांच्या तोंडी तो आजही त्या मुलीच्या नावानं आहे. मी ते इथं लिहीत नाही.

मागच्या आठवड्यात भाची क्लासहून आली, चेहरा उतरलेला. म्हणाली, "मावशी, त्या रिक्षावाल्यानं ना…" आणि माझ्या तोंडून निघालं, "किती वाजता निघालीस?" ती गप्प झाली. मी तिचा हात हातात घेतला, म्हटलं, "चुकलं माझं. तू सांग."

अजून तिनं सगळं सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसते.