इमूंनी ऑस्ट्रेलियाला हरवलं? मुळात ते युद्धच नव्हतं

‘१९३२ साली ऑस्ट्रेलियाने इमू पक्ष्यांविरुद्ध युद्ध पुकारलं, मशीनगन घेऊन सैन्य उतरवलं, पक्ष्यांनी सैन्याला धूळ चारली आणि देशाने शरणागती पत्करली. इमू आजही तिथे राज्य करतात!’ जगातल्या गमतीशीर बातम्यांत हा मजकूर वरचेवर फिरत असतो. प्रत्येक वेळी मला तो खटकतो, कारण त्यात खरं थोडं आहे आणि त्या खऱ्यातली माणसं पार पुसली गेली आहेत. म्हणून एकेक वाक्य तपासू.

‘युद्ध पुकारलं.’ नाही. कोणी युद्ध जाहीर केलं नव्हतं. ‘इमू वॉर’ हे नाव वर्तमानपत्रांनी चिकटवलं. प्रत्यक्षात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅम्पियन भागातले शेतकरी संरक्षणमंत्री जॉर्ज पिअर्स यांच्याकडे मदत मागायला गेले होते. त्यांच्यातले बरेच जण पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक. सरकारने त्यांना जमिनी दिल्या, पण त्यातल्या कितीतरी कमी पावसाच्या आणि बेभरवशाच्या. मग महामंदी आली. गहू जास्त पिकवा, अनुदान देऊ, असं सरकार सांगत राहिलं. अनुदान आलं नाही आणि गव्हाचा भाव कोसळला. अशात विणीचा हंगाम संपवून किनाऱ्याकडे निघालेले सुमारे २०,००० इमू या शेतांत शिरले. ते गहू खात, तुडवत आणि कुंपणं तोडत. कुंपणाला भगदाड पडलं की त्यातून ससे आत येत, आणि उरलंसुरलं पीक सशांच्या पोटात जाई. मशीनगनची मागणी याच शेतकऱ्यांनी केली, कारण ती काय करू शकते हे त्यांनी युद्धात पाहिलं होतं.

‘सैन्य उतरवलं.’ मेजर मेरेडिथ आणि त्याच्या हाताखालचे दोघे, एकूण तीन माणसं. सोबत दोन लुईस गन, म्हणजे हलक्या मशीनगन, आणि १०,००० गोळ्या. शिवाय सैनिकांच्या राहण्या-जेवणाचा आणि गोळ्यांचा खर्च शेतकऱ्यांनीच करायचा, ही अट होती. गव्हाला भाव नसलेल्या वर्षी गोळ्यांचे पैसेसुद्धा त्यांच्याच खिशातून. मला वाटतं, या सगळ्या गोष्टीत आधी सांगायला हवी ती हीच, आणि नेमकी तीच गाळली जाते.

‘पक्ष्यांनी धूळ चारली.’ सुरुवातीपुरतं हे बरंचसं खरं आहे. ४ नोव्हेंबरला एका बंधाऱ्याजवळ दबा धरून बसलेल्या सैनिकांसमोर हजाराहून अधिक इमू आले. पक्षी अगदी जवळ येईपर्यंत ते थांबले, मग गोळीबार सुरू केला. जेमतेम डझनभर पक्षी पडले आणि बंदूक अडकली. बाकीचा थवा पांगला. नंतर एक बंदूक ट्रकवर बसवून पाहिली, तर ट्रक पक्ष्यांना गाठू शकेना आणि खाचखळग्यांतल्या हादऱ्यांनी गोळी झाडणंच अशक्य झालं. मात्र यात इमूंचे डावपेच शोधायची गरज नाही. थवा फुटून चहूबाजूंना पळाला की मशीनगनचा फायदाच संपतो. ती दाटीवाटीच्या लक्ष्यासाठी असते.

‘शरणागती पत्करली.’ याचं मूळ संसदेतल्या टोमण्यात आहे. या मोहिमेसाठी पदक देणार का, असा प्रश्न निघाला, तेव्हा पदकं इमूंनाच द्यावीत, आतापर्यंतची प्रत्येक फेरी त्यांनीच जिंकली आहे, असं एक खासदार म्हणाला. ८ नोव्हेंबरला सैनिक माघारी बोलावले गेले खरे, पण फिरणारा मजकूर इथेच थांबतो. नोव्हेंबरच्या मध्यात मोहीम पुन्हा सुरू झाली आणि १० डिसेंबरपर्यंत चालली. या खेपेला आठवड्याला शंभरेक पक्षी मारले जाऊ लागले. मेरेडिथने ९,८६० गोळ्यांत ९८६ इमू मारल्याचा हिशेब दिला. बरोबर दहा गोळ्यांना एक. हा आकडा इतका नेटका आहे की तो जसाच्या तसा मानायला मन धजत नाही. पण ही शरणागती नव्हे, हे नक्की.

शेतकऱ्यांनी १९३४, १९४३ आणि १९४८ मध्ये पुन्हा सैन्य मागितलं. सरकारने नकार दिला. त्याऐवजी चालली ती बक्षिसाची पद्धत. इमू मारा आणि पैसे घ्या. १९३४ मध्ये सहा महिन्यांत ५७,०३४ बक्षिसं वाटली गेली.

राहता राहिलं ‘आजही राज्य करतात’. मुख्य भूमीवर इमू टिकले आहेत आणि आता त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. पण टास्मानिया, किंग बेट आणि कांगारू बेट इथले इमू एकोणिसाव्या शतकातच नामशेष झाले. त्यांच्यासाठी मशीनगनसुद्धा लागली नव्हती.