खुलासा : दहा वर्षांनी बागेचं आरक्षण आपोआप उठत नाही

'विकास आराखड्याला 10 वर्षं झाली, त्यामुळे बागेच्या आणि मैदानाच्या जागांवरचं आरक्षण आपोआप संपलं' असा मेसेज आपल्या गावातल्या ग्रुपांवर फिरतोय. (आरक्षण म्हणजे आराखड्यात खासगी जागा अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवणं.) परवा मीही तो पुढे पाठवला होता. नंतर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधलं कलम 127 नीट वाचलं आणि माझी चूक लक्षात आली.

10 वर्षं मोजायची ती अंतिम आराखडा अमलात आल्यापासून, प्रारूप (मसुदा) प्रसिद्ध झाल्यापासून नव्हे. आणि तेवढी वर्षं उलटली म्हणून काहीच आपोआप होत नाही. जमीनमालकाला किंवा हितसंबंध असलेल्याला नगरपरिषदेला रीतसर खरेदी-सूचना, म्हणजे 'ही जमीन घ्या' अशी लेखी नोटीस, द्यावी लागते. त्यानंतर 24 महिन्यांत जमीन संपादित झाली नाही, संपादनाची पावलंही उचलली गेली नाहीत, तरच आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. (ही मुदत 2015च्या दुरुस्तीपूर्वी 12 महिने होती. जुने लेख वाचताना घोटाळा होतो तो इथेच.)

माझ्या मते खरी काळजी या 24 महिन्यांचीच करायला हवी. सूचना आली आणि पैशाची तरतूद किंवा टीडीआरची (जमिनीच्या बदल्यात मालकाला दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काची) बोलणी वेळेत झाली नाहीत, तर मुलांचं मैदान खरोखर हातचं जातं. म्हणून आपल्या बागेच्या जागेवर खरेदी-सूचना आली आहे का, हे माहिती अधिकारात विचारा.

नगरपरिषदेच्या नुसत्या ठरावानेही आरक्षण बदलत नाही. याच कायद्याच्या कलम 37 खाली हरकती मागवून शासनाची मंजुरी घ्यावी लागते.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा.