‘आपला ट्रकले कोन हॅक करी?’

गेल्या रविवारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने एक मेसेज पुढे पाठवला. ‘आधी कम्प्युटरला अँटीव्हायरस विकला, आता गाडीला विकणार. विदेशी कंपन्यांना नवं दुकान सापडलं.’ त्याखाली चुलतभावांचे सात-आठ अंगठे आणि मग दादाचं स्वतःचं वाक्य: ‘आपला ट्रकले कोन हॅक करी?’

मी आठ वर्षं स्टुटगार्टमध्ये हेच काम करतो. गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठून शिरता येतं ते शोधायचं आणि कंपनीला लिहून द्यायचं. दादाला हे चांगलं ठाऊक आहे, म्हणून ते वाक्य जास्त लागलं. त्या दिवशी आमची केहरवोखे, म्हणजे इमारत झाडण्या-पुसण्याची पाळी होती. तीन मजल्यांचा जिना पुसेपर्यंत मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होतो.

दुकान आहे, हे मी नाकारत नाही. गाड्यांच्या सायबर सुरक्षेचं काम करणारी आर्गस ही इस्रायली कंपनी २०१७ मध्ये कॉन्टिनेन्टलने घेतली, तशीच सायबेलम २०२१ मध्ये एलजीने घेतली. पैसा असल्याशिवाय कुणी कंपन्या विकत घेत नाही. पण हे दुकान भीतीवर उभं राहिलेलं नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी घरी बसून हायवेवरची जीप चेरोकी मोबाइल नेटवर्कमधून ताब्यात घेतली आणि भर रस्त्यात तिचा वेग काढून घेतला. त्यानंतर कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मग संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर गाड्यांच्या सायबर सुरक्षेचा ‘आर १५५’ हा नियम झाला. युरोपात जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला तो लागू आहे. गाडी विकली की हात झटकले, हे आता चालत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांवर नजर ठेवायची, भोक सापडलं की बुजवायचं, आणि हे सगळं करण्याची व्यवस्था आहे हे फ्लेन्सबुर्गच्या सरकारी वाहन कार्यालयाला आधी सिद्ध करून दाखवायचं. पोर्शेची पेट्रोलवरची माकान चांगली खपत होती. तिची जुनी रचना या नियमात बसेना, म्हणून २०२४ मध्ये युरोपात ती विकणं त्यांनी थांबवलं. बाहेर मात्र विकत राहिले. दादाला मी हेच लिहिलं: ती गाडी इथल्या माणसाला द्यायची नाही असं ठरलं, मग आपल्या माणसाने कमी का घ्यावं?

त्यावर एका चुलतभावाने लगेच बातमी टाकली, की डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती उघडी सापडली, त्यातल्या कित्येकांचा ठावठिकाणाही. बातमी खरी आहे. पण ते उजेडात आलं केऑस कॉम्प्युटर क्लब या इथल्या हॅकरांच्या संघटनेमुळे. इथे असं काही सापडलं की लोक कंपनीला जाब विचारतात. आपल्याकडे त्याच नियमाच्या धर्तीवर एआयएस १८९ हे मानक लिहिलं गेलंय, आणि त्यावर आमच्या ग्रुपवरची पहिली प्रतिक्रिया काय, तर ‘गाडी महाग होईल’. सीट कव्हर, अलॉय व्हील आणि शोरूमबाहेर फोटो काढायला हार, एवढ्यावर खर्च करताना कुणाचा हात आखडत नाही.

आता ट्रकचं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरी चोपड्याला आलो होतो. दादाचे पाच ट्रक केळी घेऊन दिल्लीला जातात. पाचही गाड्यांना त्याने जीपीएस बसवलेत, ड्रायव्हर डिझेल काढतात म्हणून. बसवणाऱ्याने डॅशबोर्डखाली एक रिले, म्हणजे इंजिन तोडणारा स्विचही टाकून दिलाय. गाडी चोरीला गेली तर मालकाने एक एसएमएस करायचा, की इंजिन बंद. मी खाली वाकून पाहिलं: काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेल्या दोन वायरी आणि पेटीवर मार्करने लिहिलेला सिमचा नंबर. पासवर्ड विचारला तर दादा म्हणाला, त्याला पासवर्ड नसतो. मी वाड्यात खाटेवर बसूनच माझ्या फोनवरून त्या नंबराला मेसेज केला. आज्ञा आणि पुढे १२३४५६. ट्रक दारात चालू उभा होता. मी आठपर्यंत मोजलं असेल, इंजिन गचकन बंद पडलं. ड्रायव्हर खाली उतरून बॉनेटकडे बघत राहिला.

दादा म्हणाला, ‘ते तुले येस म्हनीसन.’

नाही दादा. मला येतं म्हणून नाही, तो नंबर आणि ते सहा आकडे ज्याला ठाऊक त्या कुणालाही येतं. २०२२ मध्ये असाच एक चिनी बनावटीचा ट्रॅकर, एमव्ही ७२०, तपासला गेला. मूळ पासवर्ड तोच, १२३४५६. त्या कंपनीची उपकरणं १६९ देशांतल्या सुमारे १५ लाख गाड्यांत होती. हाच मेसेज बिजासन घाटात, भरल्या गाडीला, उतारावर आला तर? इंजिन गेलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकची हवा भरायची थांबते. हे मी ग्रुपवर लिहिलं तर कुणी उत्तर दिलं नाही. एकाने हात जोडलेले पाठवले.

गाडीच्या आतली भाषाच भोळी आहे, हे मी त्यांना कसं सांगू? माझ्या घराजवळून यू ६ ही ट्राम धरली की शेवटचं स्टेशन गेरलिंगेन, तिथे बॉशचं मुख्यालय. याच बॉशने १९८६ मध्ये कॅन नावाची पद्धत आणली. गाडीतले सगळे छोटे कम्प्युटर तिच्यावरून एकमेकांशी बोलतात. तिथे निरोप देणाऱ्याची ओळख कुणी विचारत नाही. गावात दवंडी पिटली की सगळे ऐकतात, तसंच. लंडनमध्ये २०२२ साली चोरांनी एका सुरक्षा संशोधकाचीच टोयोटा रॅव्ह ४ नेली, पुढच्या दिव्यामागची वायर काढून त्यातून खोटी दवंडी देऊन.

आणि सॉफ्टवेअर आपलं नाही, असं खानदेशाने तरी म्हणू नये. १९४५ मध्ये अमळनेरला तेलाची गिरणी म्हणून विप्रो सुरू झाली. माझ्या रोजच्या मीटिंगमध्ये निम्मी मुलं पुण्याहून बोलतात. इथल्या गाड्या ती सांभाळतात आणि गावी जाऊन आपल्या गाडीत तीच काळी चिकटपट्टी बघतात.

एक गोष्ट ग्रुपवर लिहिली नाही. दादाने मागच्या वर्षी आबांसाठी नवी गाडी घेतली, सिमवाली. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमच्या पोराने ॲपमध्ये स्वतःचा नंबर घातला, दादाचा घातला आणि माझाही. मी रोज झोपण्याआधी ते उघडायचो. नकाशावर एक निळा ठिपका: मळ्यात, बाजारात, दारात. फेब्रुवारीत एका रात्री इथे दहा वाजले होते, म्हणजे तिकडे अडीच, आणि ठिपका जळगावला एका दवाखान्यासमोर होता. फोन केला नाही. मी बघत होतो, हे त्यांना कळलं असतं. ठिपका परत चोपड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी स्वयंपाकघरात उभा होतो. सकाळी दादा म्हणाला, ‘छातीत जळजळ होती, आता बरे आहेत. तुला उगाच कशाला सांगायचं?’

दुसऱ्याच्या गाडीतली अशी उघडी दारं शोधायचा मला पगार मिळतो. हे दार मी सहा महिने उघडं ठेवलं.

मंगळवारी दादाचा फोन आला. ट्रॅकरचे पाचही पासवर्ड त्याने बदललेत. मग म्हणाला, ‘गाडीनं ॲप बी साफ करी टाकू?’ मी म्हटलं, घरातल्या दोघांशिवाय सगळे काढ. ‘तुन्हाबी नंबर काढू का?’

काढ म्हटलं.

आता संध्याकाळी सहाला, एसबान या लोकलमधून उतरलो की फोन लावतो. तिकडे साडेनऊ झालेले असतात. आबांना ऐकू कमी येतं. मी दोनदा विचारतो, गाडी कुठे आहे. दारात उभी आहे, म्हणतात.