पाहुण्याची चूल

कोकणात पाहुणचाराला तोटा नाही, पण पाहुणा स्वतःची चूल घेऊन आला तर घरधनिणीच्या कपाळाला आठी पडणारच. ब्राउझरमधलं प्लगइन, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेला प्रोग्राम, नेमका हा पाहुणा होता. ब्राउझर पानात एक चौकोन आखून द्यायचा आणि तेवढ्यापुरता मालक फ्लॅश, सिल्वरलाइट नाहीतर जावा यांपैकी एखादं प्लगइन.

मालवणातल्या होमस्टेचं २००७ च्या सुमाराचं संकेतस्थळ डोळ्यांसमोर आणा. आधी 'लोडिंग', मग लाटा, मग बासरी आणि कोपऱ्यात मुंगीएवढं 'स्किप इंट्रो'. माझं भांडण हिशेबाशी आहे. फ्लॅशची फाइल २ एमबीची, म्हणजे १६,००० किलोबिट, आणि मोबाइलचा वेग ४० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४० किलोबिट. १६,००० किलोबिट भागिले ४०, म्हणजे ४०० सेकंद. एवढ्या वेळात नारळ खवून, वाटून सोलकढीचं दूध निघतं. तोच मजकूर एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या साध्या भाषेत, २० केबी, म्हणजे चार सेकंद. शिवाय एचटीएमएल उतरेल तसं दिसत जातं. फ्लॅशला प्रीलोडर, म्हणजे सगळं उतरेपर्यंत थांबवणारा पडदा, लावलेला असला आणि ९८ टक्क्यांवर वीज गेली, तर मालवणी उत्तर एकच: "काय दिसना नाय."

बरं, उघडलं तरी सुटका नाही. फोन नंबर चित्रात, कॉपी कसा करणार? कंट्रोल-एफ दाबून 'सुरमई' शोधावी तर ब्राउझरला त्या चौकोनातलं काही वाचताच येत नाही. 'बॅक' दाबलं की एक खोली मागे जाण्याऐवजी थेट अंगणाबाहेर. सगळ्या खोल्यांचा पत्ता एकच, मग मित्राला 'समुद्राकडची खोली' पाठवायची कशी? यावर उपाय होते, पण ते हाताने लिहावे लागत, आणि डिझायनरचा जीव लाटांत.

न्यायाने बोलायचं तर तेव्हा पानात व्हिडिओ हलवायला दुसरा धड मार्ग नव्हता. यूट्यूबसुद्धा २००५ मध्ये फ्लॅशवरच सुरू झालं. पण २००७ च्या आयफोनने फ्लॅशला उंबरठ्यावरच थांबवलं, सुरक्षेची भोकं बुजेनात, आणि अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला दुकान बंद केलं. १२ जानेवारी २०२१ पासून तर फ्लॅश प्लेअरच चित्र दाखवायला नकार देऊ लागला.

जावाची तऱ्हा वेगळी होती. सायबर कॅफेत डिजिटल सहीचा फॉर्म अडला की आधी बिट मोजायचे: ब्राउझर ३२ बिटचा आणि जावा ६४ बिटचा असला, तर प्लगइन सापडायचंच नाही. मग जावाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिक्युरिटी, तिथे एक्सेप्शन साइट लिस्ट, त्यात संकेतस्थळाचा पत्ता, मग ब्राउझर बंद करून पुन्हा चालू करायचा. तोवर रांगेतला मागचा माणूस जेवून आलेला.

जुनी फ्लॅश फाइल फेकू नका. रफल नावाच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, बऱ्याच फाइली आजही चालतात. तिच्यातला मजकूर मात्र बाहेर काढून साध्या परिच्छेदात टाका, दर तक्त्यात मांडा आणि फोन नंबरला 'टेल' दुवा द्या, म्हणजे बोट लावताच फोन लागेल. लाटा सीएसएसच्या, म्हणजे पानाची सजावट सांगणाऱ्या भाषेच्या, कीफ्रेम्सने हलतात. "आणि बासरी?" मालक हमखास विचारतात. पान उघडल्या उघडल्या स्वतःहून आवाज सुरू करायला आताचे ब्राउझर सहसा अडवतात. तेवढ्यासाठी ब्राउझरवाल्यांना एकेक शहाळं माझ्याकडून.