ताईची वही

परवा एका लग्नात एका नातेवाइकांनी चारचौघांत सुनावलं, "तुझ्या ताईनंच तुला लहानपणी रेसचा नाद लावला. म्हणजे जुगारच की!" लग्नघरात वाद नको म्हणून गप्प बसलो. पण ताईबद्दल असं बोललेलं मला सोसत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या सोलापुरात घोडे बघायचे ते स्टेशनसमोरच्या टांग्यांचे. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शाळा सुटली की वाट वाकडी करून मला तिथे न्यायची आणि विचारायची, "सांग, यातला दमलाय कुठला?" मी मान खाली घातलेला घोडा दाखवायचो. "मान नको बघू. कान बघ, नाकपुड्या बघ. मागचा पाय कसा टेकतोय ते बघ." एकदा तिने एका टांगेवाल्या चाचांना सांगितलं की घोडा डावा मागचा पाय चुकवतोय. त्यांनी खूर उचलून पाहिला, तर आत खडा रुतलेला. तेव्हापासून ते तिला डाक्टरीणच म्हणायचे.

रेस आमच्या घरात आली ती रद्दीतून. इंग्रजी पेपरातलं रेसकार्ड कापून ताई वहीत चिकटवायची. घोडा, वय, वजन, जॉकी, ट्रेनर. हँडिकॅप मला त्या वहीनं शिकवला. घोडा जितका सरस, तितकं त्याच्या पाठीवर वजन जास्त. ६० किलो घेऊन १४०० मीटर पळालेला घोडा ५६ किलोला काय करेल, यावर आमची जेवणं थंड व्हायची. पेसी श्रॉफ स्वार असला की मी डोळे मिटून त्याचा घोडा निवडायचो. ताई चिडायची, "स्वार नको, घोडा बघ!"

तिचा खरा जीव घोडींवर. इंडियन डर्बी म्हणजे देशातली सगळ्यांत मानाची रेस. १९४३ साली ती पहिल्यांदा झाली, आणि प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या घोडीनं जिंकली. वहीच्या पहिल्या पानावर ताईने हे लाल शाईनं लिहून ठेवलं होतं.

मामा पुण्याला हडपसरला राहायचा. पोरांना रेसला नेणार नाही म्हणाला, पण एका पावसाळ्यात पहाटेचा सराव दाखवायला रेसकोर्सवर घेऊन गेला. झिमझिम पाऊस, पुरतं उजाडलेलंही नव्हतं. आधी काहीच दिसलं नाही, पायाखालची जमीन तेवढी थरथरली. मग लोहाराच्या भात्यासारखा श्वास ऐकू आला, आणि समोरून तीन घोडे निघून गेले. मी वळून पाहिलं तर ताई कठडा घट्ट धरून रडत होती.

परतताना तिने विचारलं, "मामा, जॉकी व्हायला काय करावं लागतं?" मामा हसला. घरी आल्यावर घरचेही हसले. मग बारावी, मग लग्न. पुढे रूपा सिंग ही भारतातली पहिली व्यावसायिक महिला जॉकी झाली, तेव्हा ते कात्रण मी ताईला पोस्टानं पाठवलं. तिचं उत्तर आलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

रेसपायी घरं बसली, हे मी नाकारत नाही. आमच्याच गल्लीत एकानं बायकोचं डोरलं मोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली रेसला कौशल्याचा खेळ म्हटलं, पण त्या बाईला त्याचा काय उपयोग? पैसे लावणाऱ्याला घोडा दिसत नाही, आकडा दिसतो. माझा राग त्यावरच आहे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांतले १२० एकर पार्कसाठी द्यायचं ठरलं, तेव्हाही जो तो जमिनीवरच बोलत होता. पहाटेचा सराव बघायला शाळेची पोरं न्या. चाबूक आवरा. आणि पळणं थांबलेला घोडा पुढे कुठे गेला, याची नोंद क्लबांनी लोकांसमोर ठेवावी. आम्ही दोघांनी आजवर एक रुपया लावलेला नाही, आणि तरी रेस आमची आहे.

ताई आता अकलूजला असते. आषाढी वारीत माऊलींची पालखी आली की मी तिच्याकडे जातो आणि आम्ही खुडूसचं रिंगण गाठतो. माऊलींच्या अश्वावर स्वार नसतो. यंदाही तो भरधाव निघून गेला आणि टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे वाकले. गुडघेदुखीनं बेजार झालेली ताई मात्र ताठ उभी राहून त्याच्याकडेच बघत होती.

"मागचे पाय बघितलेस? काय सरळ टाकतोय!" म्हणाली, आणि मग माझा खांदा धरून मातीसाठी वाकली.